गाडी ओढत नाही!

गाडी बंद पडली की आमच्या गावात घरटी एक इंजिनियर निघतो. चहाच्या टपरीसमोर नुसतं बॉनेट उघडायचा अवकाश, पाच मिनिटांत सात निदानं हजर! "नोझल गेले." "पंप बसला." "रिंगा खलास, इंजिन उतरवावंच लागेल." "अहो, डिझेलमध्येच भेसळ!" गंमत म्हणजे यातलं प्रत्येक निदान कुठल्या ना कुठल्या गाडीच्या बाबतीत खरं असतं. प्रश्न एवढाच, की समोर उभ्या असलेल्या गाडीला त्यातलं काय झालंय?

आमच्या घरची पिकअप २००५ सालची, म्हणजे जवळजवळ माझ्याच वयाची. टर्बो नाही, सेन्सर नाही, डॅशबोर्डवर धड चालणारे काटे दोनच. आमचा आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचा कांदा पिंपळगाव बसवंतच्या मार्केटला न्यायचा हे तिचं काम. माझी गादी आणि ट्रंकसुद्धा तिच्याच हौद्यातून या हॉस्टेलवर आली.

गेल्या दिवाळीच्या आधी तिने त्रास द्यायला सुरुवात केली. घरून निघताना एकदम झकास. पण बारा-तेरा क्विंटल माल भरून राहुड घाटाच्या चढाला लागली की दम सोडायची. ॲक्सिलरेटर पार खाली दाबला तरी दुसऱ्या गिअरच्या वर जायचं नाव नाही, मग आचके आणि शेवटी बंद. दहा मिनिटं थांबून परत स्टार्टर मारला की काही झालंच नाही अशी चालू! शहरातल्या एका गॅरेजने हाफ इंजिनचं काम, नवे नोझल आणि पंप कॅलिब्रेशन मिळून पंचेचाळीस हजार सांगितले. त्याच महिन्यात माझी फी भरायची होती. आबांनी आईला रात्री हळूच सांगितलेलं मी ऐकलं, "देऊन टाकू गाडी. भाड्याच्या टेम्पोने नेऊ कांदा." आता, भाड्याचं गणित आमच्या घरी सगळ्यांना तोंडपाठ आहे. कांद्याचा भाव पडला की भाडं सुटणंही मुश्किल!

शेवटचा उपाय म्हणून आबांनी हायवेला टायर-पंक्चरच्या दुकानाशेजारी बसणाऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावलं. ते आले आणि त्यांनी बॉनेटला हातच लावला नाही. आधी ओट्यावर बसून चहा घेतला आणि आबांना विचारायला सुरुवात केली. गाडी रिकामी असताना असं करते का? सकाळच्या थंडीतही आणि दुपारीही? निघाल्यावर किती वेळाने? धूर कोणता? पाणी किती पिते? ऑइल कमी होतं का? थांबल्यावर लगेच चालू होते की वेळ घेते? आपल्याकडे व्हायवाला एक्स्टर्नलसुद्धा इतके प्रश्न विचारत नाहीत.

आबांची उत्तरं अशी : रिकामी असताना त्रास नाही. धूर विशेष नाही. पाणी आणि ऑइल जागच्या जागी. आणि दहा मिनिटं थांबलं की ठीक.

मिस्त्री हसले. "नाना, रिंगा गेलेल्या गाडीला दहा मिनिटं सावलीत उभी केली म्हणून रिंगा परत येतात का?"

मित्रांनो, पंचेचाळीस हजारांचं निदान या एका वाक्याने डळमळलं. जे घासलं ते विश्रांतीने भरून येत नाही. थांबल्यावर जे बरं होतं, ते कुठेतरी अडकतं आणि सुटतं.

तरी त्यांनी अंदाजावर भरवसा ठेवला नाही. गाडी चालू करून सायलेन्सरपाशी उभं केलं आणि मला म्हणाले, "सांगा इंजिनियर साहेब, धुराचे रंग किती?" हे आपल्याला पाठ असतं. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, न जळलेला कार्बन. एअर फिल्टर चोंदला किंवा नोझल नीट फवारा न मारता गळायला लागला की असं होतं. निळा म्हणजे ऑइल जळतंय, रिंगांवर किंवा व्हॉल्व्हच्या सीलवर संशय. पांढरा म्हणजे कॉम्प्रेशन किंवा टायमिंगच्या गडबडीने न पेटताच बाहेर पडलेलं डिझेल, नाहीतर हेड गॅस्केटमधून शिरलेल्या पाण्याची वाफ. "आणि धूरच नाही, तरी ओढत नाही, तर?" हा प्रश्न मात्र पेपरात कधी आलेला नाही! उत्तर सोपं आहे : जेवढं डिझेल येतंय तेवढं नीट जळतंय, पण पुरेसं येतच नाही. माणूस आजारी नाही, उपाशी आहे.

मग त्यांनी इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडलं. रिंगा आणि बोअर घासले असले की इथून भकाभका वाफारा येतो. गॅरेजच्या भाषेत गाडी 'बॅक कॉम्प्रेशन' मारते. इथे किरकोळ. त्यानंतर नोझलकडे जाणाऱ्या चार पाइपांचे नट पान्याने एकेक करून जरा सैल केले आणि परत आवळले. नट सैल केला की त्या सिलिंडरचं डिझेल बाहेर गळतं आणि तो बंद पडतो. इंजिनचा आवाज बदलला, तर तो सिलिंडर आतापर्यंत काम करत होता. आवाजात फरकच पडला नाही, तर तो आधीपासूनच मेलेला. चारही वेळा आवाज खाडकन बदलला. चौघेही कामावर हजर होते! डिझेल इंजिनात स्पार्क नसतो. साधारण वीस पटीने दाबलेली हवा पाचशे अंशांच्या पुढे तापते आणि त्यात डिझेल आपोआप पेटतं. कॉम्प्रेशन खरंच गेलं असतं, तर थंडीतल्या पहाटे ही गाडी एका स्टार्टरमध्ये चालू झालीच नसती.

इथपर्यंत खर्च शून्य. एअर फिल्टर झटकला, डिझेल फिल्टर उघडून पाणी नाही ना ते पाहिलं. मग त्यांनी टाकीकडून येणारा पाइप सोडवला, केबिनमागे पाच लिटरचा डिझेलचा कॅन बांधला आणि फीड पंपाला थेट त्यातून पाइप जोडला. रिटर्नचा पाइपही कॅनमध्येच. हँड पंप मारून लाइनमधली हवा काढली आणि तेवढाच माल भरून आम्ही घाटात गेलो. मी कॅन धरून बसलो होतो. गाडी तिसऱ्या गिअरवर चढून वर आली. आबा काही बोलले नाहीत. फक्त वर आल्यावर गाडी बाजूला घेऊन त्यांनी तंबाखू मळली.

म्हणजे इंजिन, पंप, नोझल सगळे निर्दोष. आरोपी टाकी आणि फीड पंपाच्या दरम्यान. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बंद असेल तर आत व्हॅक्यूम होतो आणि झाकण उघडताना 'सूं' आवाज येतो. तो आला नाही. मग टाकी उतरवली. तळाशी गाळ होता आणि त्यात रुपयाएवढा एक पातळ प्लास्टिकचा तुकडा, कुठल्यातरी कॅनच्या झाकणाखालचा. चढावर इंजिनला डिझेल जास्त लागतं, ओढा वाढतो, तुकडा पाइपच्या तोंडाला जाऊन चिकटतो. इंजिन बंद झालं की ओढा संपतो आणि तुकडा खाली बसतो. रिकाम्या गाडीला कमी डिझेल पुरतं, म्हणून तेव्हा त्रास नाही. आपल्या हॉस्टेलच्या पाण्याचंही हेच आहे. पहाटे पाचला एक नळ सोडा, धो धो पाणी. सात वाजता सगळे नळ सुटले की तिसऱ्या मजल्यावरचा साबण लावून उभा!

मिस्त्रींनी मजुरीचे सहाशे रुपये घेतले. नवा डिझेल फिल्टर वेगळा.

आता कोणी म्हणेल, ही जुन्या गाड्यांची कथा झाली. आजच्या बीएस-६ पिकअपमध्ये कॉमन रेल असते, दाब हजार बारच्या वर. तिथे चालू इंजिनचा नट सैल करणं म्हणजे जिवाशी खेळ, ते कोणीही करू नये. स्कॅनर लावायचा, तो कोड दाखवतो. पण हाच तुकडा नव्या गाडीच्या टाकीत पडला, तर स्कॅनर बहुधा पी-००८७ दाखवेल, म्हणजे रेलमधला दाब कमी. तो का कमी, पंप गेला, फिल्टर चोंदला की टाकीत कचरा आहे, हे त्या कोडमध्ये नसतं. कोड वाचून थेट महागडा पंप बदलणारे कमी नाहीत. तिथेही स्वस्तापासून महागाकडे, एका वेळी एकच गोष्ट बदलत जावं लागतं. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी सुधारली, तर कशाने सुधारली हे कधीच कळत नाही.

पुस्तक आपल्याला कारणापासून लक्षणाकडे नेतं : फिल्टर चोंदला तर काय होईल, पाच मार्क. घाटात उभी असलेली गाडी उलटा पेपर काढते. तो सोडवायला थर्मोडायनॅमिक्स लागतंच, पण आधी गाडी रोज चालवणाऱ्याचं ऐकून घ्यावं लागतं. या सुट्टीत घरी गेल्यावर दारातला ट्रॅक्टर, पंप किंवा जुनी गाडी कुरकुरत असेल, तर लगेच पाना शोधू नका. वडिलांना शेजारी बसवा आणि विचारा, "कधी होतं असं? भरलेली असताना की रिकामी असताना?" अर्धं निदान त्यांच्याकडे तयार असतं. आपल्याला कोणी विचारेल असं त्यांना वाटलेलं नसतं, एवढंच.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी