ड्युटी लिस्टवरची सही

पहाटे चारला आमच्या मेल सर्जिकल वॉर्डात सगळ्यांची नाडी ८० असायची. श्वास २०, ताप ९८.४. ओळीने तीस-पस्तीस चार्ट, एकाच हाताने, एकाच बैठकीत भरलेले. मी मेट्रन होते आणि सकाळच्या राउंडला रोज ते चार्ट बघत होते. इतक्या माणसांची नाडी एका आकड्यावर चालत नाही, हे मला कळत होतं. तरी मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर ड्युटी लिस्ट समोर ठेवावी लागली असती, आणि ती मी लावलेली होती.

वॉर्ड ३६ खाटांचा. इंडियन नर्सिंग कौन्सिलने ठरवलेलं प्रमाण म्हणजे शिक्षण देणाऱ्या रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात तीन खाटांमागे एक परिचारिका, इतरत्र पाच खाटांमागे एक, आणि सुट्ट्या-आजारपणासाठी वर ३० टक्के. आमचं रुग्णालय दुसऱ्या प्रकारातलं. त्या हिशेबाने सात जणी हव्यात, रजेच्या धरून नऊ. पगारपत्रकावर चार होत्या. सकाळी दोघी, दुपारी एक, रात्री एक. कुणाची सुट्टी आली की दुपारच्या सिस्टरला रात्री थांबवायचं आणि सोबत एएनएमची एखादी विद्यार्थिनी द्यायची. "आजच्या दिवस ॲडजस्ट कर गं," असं म्हटलं की मुली नाही म्हणत नसत. त्यांच्या त्या होकारावर मी वॉर्ड चालवला.

मिरजेत १८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिशनचा दवाखाना उभा केला. तेव्हापासून लांबलांबची माणसं औषधपाण्याला या गावात येतात. आमचं रुग्णालय त्याच्या कितीतरी नंतरचं, खासगी विश्वस्तांचं. पण गावाच्या नावावरचा विश्वास आम्हालाही आयता मिळाला होता. तासगावकडच्या एका शेतकऱ्याचं पोटाचं ऑपरेशन झालं, तेव्हा त्याची बायको मला म्हणाली होती, "मिरजंला आणलंय, आता घोर न्हाई."

ऑपरेशननंतरच्या त्या रात्री वॉर्डात दुपारपासून थांबलेली एक सिस्टर आणि एक विद्यार्थिनी होती. तीनच्या सुमारास टोकाच्या खाटेवरच्या पेशंटला दम लागला. सिस्टर तिकडे ऑक्सिजन लावून डॉक्टरांना फोन करत होती. इकडे त्या शेतकऱ्याची बायको उठून आली आणि विद्यार्थिनीला म्हणाली, "ह्यास्नी लई घाम सुटलाय." मुलीने घाम पुसला, सलाईन चालू आहे ना ते पाहिलं, "झोपू द्या त्यांना" म्हणाली. ऑपरेशननंतर गार घाम म्हणजे आधी नाडी बघायची, मग प्रेशर, हे शिकण्याएवढे दिवस तिचे झालेच नव्हते. चारला चार्ट भरले गेले. त्या शेतकऱ्याच्याही चार्टवर नाडी ८०. सहाला सिस्टर इंजेक्शन द्यायला गेली तेव्हा मनगटाला नाडी लागत नव्हती. पोटात रक्तस्राव झाला होता. थिएटर तयार होईपर्यंत ते गेले.

मी त्या सिस्टरला मेमो दिला. खोटी नोंद केली, पेशंटकडे दुर्लक्ष केलं. दोन्ही वाक्यं माझ्या अक्षरातली. चौकशीत तिने एवढंच विचारलं, "मॅडम, छत्तीस जणांची नाडी मी कधी बघायची होती?" मी उत्तर दिलं नाही. रात्री माणसं किती होती, हे समितीने विचारलं नाही आणि मीही आपणहून सांगितलं नाही. नातेवाइकांना सांगितलं गेलं की गुंतागुंत झाली. पंधरवड्यात तिने नोकरी सोडली. कामाची अत्यंत चोख मुलगी होती ती.

विश्वस्तांकडे मी माणसं मागितली नव्हती असं नाही. मागितली, पण तोंडी. "पोरी टिकत नाहीत, मॅडम," असं त्यांनी म्हटलं की मी गप्प बसायची. जत, आटपाडी, माण, खटावच्या मुली तीन वर्षांचा जीएनएम करून यायच्या आणि अनुभवाचा दाखला मिळाला की पुण्याला जायच्या. जाणारच. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्राच्या समितीने सांगितलं की ५० खाटांहून लहान खासगी रुग्णालयातही परिचारिकेला महिना २० हजारांपेक्षा कमी देऊ नये. मी निवृत्त झाले तेव्हा माझ्या ओळखीच्या कितीतरी मुली त्याच्या निम्म्यावर राबत होत्या.

लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं २००२ सालचं संशोधन मी फार उशिरा वाचलं. पेनसिल्व्हेनियातली १६८ रुग्णालयं, शस्त्रक्रिया झालेले रुग्ण. एका परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता सुमारे सात टक्क्यांनी वाढते, असं त्यांना आढळलं. हे वाचताना मला तो वॉर्ड दिसत होता.

मिरजेनंतर पुढे साताऱ्यात एका रुग्णालयात काम केलं. तिथे सिस्टरांना सांगितलं, जी नाडी बघितली नाही तिचं घर रिकामं सोडा. सुरुवातीला भ्यायल्या. मग चार्टवर पहाटेची घरं रिकामी दिसू लागली, काही रात्री अर्ध्याहून जास्त. ते चार्ट जोडून मी लेखी मागणी केली, आणि मंजूर होईना तेव्हा पुन्हा केली. रात्रीला आणखी एक सिस्टर मिळाली. दोन हव्या होत्या. मिरजेत हेच केलं असतं तर तो माणूस वाचलाच असता असं मी म्हणणार नाही. पण त्याची नाडी कुणीतरी बघितली असती.

९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. ज्यांच्यावर कारवाई झाली त्यांत परिचारिकाही होत्या. तिथे दोष कुणाचा, हे इथे बसून मी ठरवू शकत नाही. पण ती बातमी वाचली आणि मी लिहिलेला मेमो शब्दन्‌शब्द आठवला.

आता कधीमधी रुग्णालयांच्या अंतर्गत चौकशीला मला बोलावतात. पेशंटच्या फाइलीच्या आधी मी त्या रात्रीची ड्युटी लिस्ट मागते. बहुतेक वेळा ती सोबत आणलेली नसते.