चौथा हिस्सा

अमेरिकेतल्या ज्या कॉलेजने मला चार वर्षं जवळपास फुकट शिकवलं, त्याचं ऋण तसं सोपं आहे. आभाराचं पत्र लिहिलं, पदवी घेतली, आता जमतील तेवढे डॉलर दरवर्षी माजी विद्यार्थी म्हणून पाठवते. दुसरं ऋण आमच्या सातबारावरच लिहिलेलं होतं. घरात कुणी ते वाचलं नव्हतं, मीही नाही.

2013 साली मी सातारच्या नवोदयमध्ये बारावीला होते. इंग्रजीच्या मॅडमनी डोक्यात घातलं की तिकडची काही कॉलेजं परदेशी मुलांनाही पैसे देतात. अमेरिकन सरकारची मदत फक्त तिथल्या नागरिकांना आणि काही मोजक्या रहिवाशांना असते. आमच्यासारख्यांना जे मिळायचं ते कॉलेजच्या स्वतःच्या तिजोरीतून. तुमच्या खिशाकडे न बघता परदेशी मुलाला प्रवेश देणाऱ्या संस्था तेव्हा बोटांवर मोजण्याइतक्या होत्या: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट वगैरे. बाकी ठिकाणी मदत मागितली की प्रवेश अवघड होतो. न मागता प्रवेश घ्यावा, तर बऱ्याच कॉलेजांत पुढची चारही वर्षं मागायची सोय नाही. म्हणजे मागायचं तर पहिल्याच अर्जात, आणि काय ते एकदाच.

त्यासाठी सीएसएस प्रोफाइल नावाचा ऑनलाइन फॉर्म. पहिल्या कॉलेजला 25 डॉलर, पुढच्या प्रत्येकाला 16. डॉलर बासष्टच्या आसपास होता, पण अडलं ते पैशावर नव्हे. परदेशात चालणारं क्रेडिट कार्ड आमच्या भावकीत कुणाकडेच नव्हतं. मॅडमच्या पुण्यातल्या जावयांनी मला न बघता, न भेटता स्वतःचं कार्ड वापरलं. पैसे परत द्यायला गेले तर म्हणाले, "पहिल्या पगारातून द्या."

फॉर्म उघडला आणि माझे वडील, अप्पा, गप्प झाले. आमच्याकडे झाकली मूठ ठेवायची रीत. इथे तर कपाटातल्या डागिन्यांपासून सोसायटीच्या कर्जापर्यंत सगळं मांडायचं. त्यातून शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे आयकर विवरणपत्र नाही, फॉर्म 16 नाही. पुण्यातल्या एका सल्लागाराने फोनवरच तोडगा सांगितला, "जमीन दाखवूच नका. मजुरीचा दाखला काढा, बाकी माझ्यावर सोडा." अप्पांना ते पटत नव्हतं, पण दुसरी वाटही सुचत नव्हती.

वाट दाखवली कराडच्या एका सीएंनी. अप्पांच्या मित्राच्या मित्राचे ते ओळखीचे, एवढाच धागा. त्यांनी सातबारा आणि आठ-अ मागवला, तलाठी भाऊसाहेबांचा शिक्का बघितला, बोट ठेवून एकेक ओळ वाचली आणि विचारलं, "यात तुमची किती?"

"निम्मी," अप्पा म्हणाले. "तीन एकर मी बघतो, तीन धाकटा."

"कागदावर चौथा हिस्सा आहे. या दोघी कोण?"

त्या माझ्या आत्या. आजी-आजोबांच्या मागे वारस नोंद झाली तेव्हा चौघा भावंडांची नावं लागली. दोघींनी हक्कसोडपत्र दिलं नव्हतं. ते त्यांच्याकडे कुणी मागितलं नव्हतं, तसा उसाच्या बिलातला वाटाही कुणी त्यांना दिला नव्हता. सणाला साडी आणि ओटी, उन्हाळ्यात लोणच्याची बरणी. गावोगाव हेच चालतं, त्यामुळे कुणाला खटकलंही नव्हतं.

सीए साहेबांनी मालमत्तेच्या रकान्यात चौथा हिस्सा लिहिला आणि उत्पन्नाच्या रकान्यात तीनही एकरांचं उत्पन्न. कारण दोन्ही खरं होतं. उसाचं आणखी एक त्रांगडं होतं. आमची लागण आडसाली. जुलैत लावलेला ऊस तुटायला दीड वर्ष लागतं. फॉर्मला हवं वर्षाचं उत्पन्न, तेही जानेवारी ते डिसेंबर. एका वर्षी जवळजवळ शून्य, पुढच्या वर्षी एकदम बिल. त्यातून त्या हंगामात दराचं आंदोलन पेटलेलं, सरकारी किमान दर म्हणजे एफआरपी टनाला 2100 रुपये, आणि कारखान्याचा पहिला हप्ता किती निघणार याचा पत्ता नव्हता. साहेबांनी कारखान्याच्या शेती विभागातून तीन गळितांच्या टनेजचा दाखला आणायला लावला. फॉर्मच्या शेवटी विशेष परिस्थिती सांगायला जागा असते. तिथे आडसाली म्हणजे काय, हे त्यांनी मला चार वेळा खोडून इंग्रजीत लिहायला लावलं.

मग म्हणाले, आत्यांचं प्रतिज्ञापत्र लागेल: या जमिनीतून आम्ही उत्पन्न घेत नाही. नाहीतर कॉलेज विचारणार, चौथा हिस्सा तुमचा तर निम्म्याचं उत्पन्न तुमच्याकडे कसं?

गावात कुजबुज झालीच. भाची परदेशाला जातीय म्हणून बहिणींच्या सह्या घेतायत. थोरली आत्या तासगावकडून एसटीने आली, धाकटीला वाटेत घेऊन. शंभराच्या स्टॅम्प पेपरवर टाइप केलेला मजकूर पुढे ठेवला तसं तिने हात मागे घेतला.

"वाचून दावा आदी."

साहेबांनी वाचलं. ती म्हणाली, "ह्यात माजं नाव जातंय का?"

"नाही मावशी. फक्त पैसे घेत नाही, एवढंच."

"मग तसं लिवा. नाव ऱ्हानार म्हनून लिवा."

साहेबांनी चिडचिड न करता नवा स्टॅम्प पेपर आणवला आणि वाक्य घातलं: हे हक्कसोडपत्र नाही, आमचा हिस्सा अबाधित आहे. आत्याने ते पुन्हा वाचून घेतलं, मग सही केली. एकेक अक्षर सुटं, पेन कागदात रुतेल इतकं दाबून. अप्पा त्या वेळी खिडकीबाहेर बघत होते. बहिणी इतकी वर्षं आपल्याला काय देत आल्यात, हे त्यांनी नोटरीसमोर पहिल्यांदा ऐकलं असावं. माझ्या वह्या, दवाखाना, आईचं ऑपरेशन, सगळं ज्या बिलावर निघालं त्यातलं निम्मं या दोघींचं होतं.

फेब्रुवारीत कॉलेजच्या मदत विभागातून मेल आला. सगळे प्रश्न जमिनीबद्दलच: हिस्सा असा का, एका वर्षाचं उत्पन्न एवढं कमी का. उत्तरं फाइलमध्ये तयारच होती. एप्रिलमध्ये पत्र आलं: कॉलेजचं अनुदान, कॅम्पसवरचं काम, थोडं कर्ज, बाकी घरचा वाटा. जमीन लपवली असती तर त्या मेलला आम्ही काय उत्तर दिलं असतं, कोण जाणे.

सीए साहेबांनी फी घेतली नाही. स्टॅम्प पेपरचे पैसे मात्र मोजून घेतले, दोन्ही. पुण्याच्या जावयांचे पैसे पहिल्या पगारातून दिले. आत्यांचं फिटण्यासारखं नव्हतं, पण निदान पुढचं तरी थांबवता येत होतं. नोकरी लागल्यावर मी अप्पांशी बोलले, अप्पा धाकट्या भावाशी, म्हणजे नानांशी. नानांनी वर्षभर ऐकून न ऐकल्यासारखं केलं, मग मान्य केलं. आता उसाचं बिल आलं की खर्च वजा करून दोघींचा हिस्सा त्यांच्या खात्यावर जातो. पहिल्यांदा पैसे जमा झाले तेव्हा थोरल्या आत्याने मला अमेरिकेत फोन लावून विचारलं, तोडणी-वाहतूक एवढी कापलीच कशी. कारखान्याचा हिशोब मागवून मी तो तिला पाठवला. तेव्हापासून दर गळिताला पाठवते.