एकोणीस खुर्च्यांचं विमान

प्रवासाला निघायच्या आदल्या रात्री तुम्हीही चिठ्ठी लिहून ठेवता ना? दूधवाल्याचा हिशेब, गॅसचा नंबर, तुळशीला पाणी, डाळींच्या डब्यांना ऊन. मीही लिहिली आणि ह्यांना सापडेल अशी चहाच्या डब्याखाली ठेवली. पण ह्या खेपेस शेवटी एक कलम जास्तीचं होतं, ‘माझ्या पाटल्या सूनबाईला द्याव्यात.’ लिहिलं आणि माझं मलाच चमकल्यासारखं झालं. चार दिवस तोंडानं ‘मला मुळीच भीती वाटत नाही’ म्हणत होते, ती सगळी ह्या एका ओळीत उतरली होती!

निघाले होते लुक्ल्याला. नेपाळात एव्हरेस्टच्या वाटेवरचं हे गाव, समुद्रसपाटीपासून सुमारे २,८५० मीटर उंच. आपल्याकडची पुष्कळ मंडळी हल्ली एव्हरेस्टच्या पायथ्याला जातात. माझ्या लेकीनं मात्र माझे गुडघे लक्षात घेऊन नामचे बाजारपर्यंतच बेत आखला होता. चालण्याची मला धास्ती नव्हती, धास्ती होती ती विमानाची.

लुक्ल्याची धावपट्टी आहे जेमतेम ५२७ मीटर, आणि तीही सपाट नाही. खालच्या टोकाहून वरचं टोक साठेक मीटर उंच, म्हणजे वीस मजल्यांची इमारत समजा! खालच्या टोकाशी खोल दरी, वरच्या टोकाशी डोंगराची भिंत. विमान उतरतं ते चढावर, म्हणून वेग लवकर मोडतो. उडतं ते उतारावरून, म्हणून वेग लवकर येतो. ऐकायला सोपं वाटतं, पण उतरताना चुकलं तर पुन्हा वर उठून फेरी मारायला जागाच नाही. वैमानिकाला पट्टी डोळ्यांनी दिसावी लागते, म्हणून ढग आले की सगळं ठप्प. दुपारी वारा उठतो, म्हणून बहुतेक विमानं सकाळीच.

२०१९ पासून गर्दीच्या मोसमात बरीच विमानं काठमांडूऐवजी रामेछाप जिल्ह्यातल्या मंथलीहून सुटतात. आम्ही रात्री एक वाजता काठमांडूहून गाडीनं निघालो आणि डोंगरातली वळणं घेत पहाटे मंथलीला पोचलो. समोर विमान उभं, दोन पंख्यांचं, एकोणीस खुर्च्यांचं. आपल्या एस.टी.पेक्षाही लहान! एका बाजूला एकेक खुर्ची, दुसऱ्या बाजूला दोन-दोन. हवाईसुंदरीनं लिमलेटच्या गोळ्या नि कानात घालायला कापूस वाटला. पंखे घरघरले आणि मी समोरची खुर्ची घट्ट धरली.

माझ्या शेजारी एक शेर्पा बाई होती, कुशीत दोन-अडीच महिन्यांचं बाळ. बाळंतपण काठमांडूला झालं, आता घरी निघाली होती. माझ्याकडं बघून हसली नि म्हणाली, “डर लाग्यो, दिदी?” मी खोटं बोलणार होते, पण मान आपोआप हलली. ती म्हणाली, “लाग्छ.” वाटतेच! एवढंच. ‘घाबरू नका’ वगैरे काही नाही.

पंधरा-वीस मिनिटांचा तो प्रवास. डावीकडं पांढरी शिखरं, उजवीकडं हिरवे डोंगर, इतके जवळ की घरांपुढचं वाळवण दिसावं. विमान खाली येऊ लागलं तशी त्या बाईनं शाल ओढून बाळाला पदराखाली घेतलं. गिळत राहिलं की कान दुखत नाहीत, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. वैमानिकांच्या खांद्यांवरून समोर डोंगर आणि त्यावर पाटीएवढी पट्टी दिसली. ती मोठी होत गेली, एक दणका बसला, आणि विमान चढ चढून वळलं. मी डोळे उघडले तेव्हा बाळ गाढ झोपलं होतं.

ही पट्टी एडमंड हिलरींनी १९६४ साली शेर्पांच्या मदतीनं तयार केली. त्या वेळी काठमांडूहून इथवर पायी यायला पंधरवडा लागे. खुंदे गावात दवाखाना बांधायचा होता, त्याचं सामान आणायचं कसं? जमीन घट्ट बसावी म्हणून शेर्पांनी हातात हात घालून तिच्यावर नाच केला म्हणे! १९६६ साली दवाखाना उभा राहिला. पट्टीवर डांबर पडलं ते २००१ साली.

पण मला लुक्ल्यात राहून राहून आठवली ती दुसरीच गोष्ट. १९७५ च्या मार्चअखेरीस हिलरी जवळच्याच फाफलूला दवाखाना बांधत होते. त्यांची पत्नी लुईज आणि सोळा वर्षांची धाकटी लेक बेलिंडा त्यांना भेटायला काठमांडूहून निघाल्या, अशाच एका लहान विमानातून. उड्डाण होताच विमान कोसळलं. त्या माणसाला पुन्हा ह्या डोंगरांकडं न बघण्याचा हक्क होता. तरी ते काम सोडून गेले नाहीत. शाळा, दवाखाने होतच राहिले. लुक्ल्यालाही अपघात झालेत. २००८ च्या ऑक्टोबरात अठरा माणसं गेली. म्हणजे आपली भीती खुळी नव्हे. शेजारच्या बाईलाही ती होतीच, पण तिला बाळ घेऊन घरी जायचं होतं.

तुमच्याही मनात जायचं असेल तर चार गोष्टी सांगते. हातात दोन दिवस जास्तीचे ठेवा. ढगांपुढं कुणाचं चालत नाही, आणि ‘आज विमान नाही’ म्हणाले तर हुज्जत घालू नका, आभार माना. सामान पंधरा किलोच्या आत बसवा. जाताना डावीकडची खिडकी मागा. आपल्याला व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ हवं. हवा विरळ असते, तेव्हा उतरल्यावर घाई नको. छातीचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

दहा दिवसांनी घरी आले. चहाचा डबा उचलला तर चिठ्ठी तिथंच. ह्यांनी एकेका कलमापुढं बरोबरची खूण केली होती. दूध, गॅस, तुळस, डाळी. शेवटच्या ओळीवर मात्र लाल रेघ, आणि खाली ह्यांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘हे तुझं तू दे.’

तो कागद मी फाडला नाही. पाटल्यांच्या डबीतच ठेवलाय.