गच्चीवरची जुनी छत्री

पेण असो वा रोहा, कित्येक गच्च्यांवर डिशच्या दोन छत्र्या दिसतात. एक चालू, दुसरी निवृत्त. सेवा बदलली की जुने सारेच निकामी झाले, हा समज त्यामागे असतो. तो निम्माच खरा. सेट टॉप बॉक्स सांकेतिक कुलपामुळे दुसऱ्या कंपनीसाठी सहसा चालत नाही. छत्रीला मात्र कंपनी ठाऊक नसते. ती केवळ लहरी एकवटते.

टाटा प्लेचे उपग्रह ८३ अंश पूर्व रेखांशावर, तर दूरदर्शनच्या फ्री डिशचा जीसॅट-१५ हा ९३.५ अंशांवर. मासिक वर्गणी जड झालेल्या वृद्ध जोडप्याने फ्री डिशचा बॉक्स घेतला, तर जुनीच छत्री आणखी पूर्वेकडे वळवून, किंचित खाली झुकवून बहुधा भागते. बसवायला येणारा नवी छत्री सुचवतो. त्यालाही पोट आहे.

पाहायचे ते इतकेच, की कोकणच्या पावसाने काय खाल्ले आहे. पत्रा वाकला असेल, तर नेम साधत नाही. केबलचे टोक गंजले असेल, तर तेवढे कापून नवा कनेक्टर बसवावा. छत्रीसमोरच्या एलएनबीचे झाकण तडकून आत पाणी गेले असेल, तर तो बदलणेच बरे. जुना बॉक्स कंपनीच्या मालकीचा नाही ना, हे विचारल्याखेरीज मात्र कोणाला देऊ नये.