आर्वीची तबकडी आणि मावशींचा अंगठा

जुन्नरला जाणारी मंडळी शिवनेरी बघतात. 2023 च्या डिसेंबरात आम्हीही गेलो. पण शिवाई देवीचं दर्शन होईस्तोवर आमचे गुडघे बोलायला लागले, आणि उरलेला गड आम्ही मान वर करूनच पाहिला. आम्हाला खरी ओढ होती ती नारायणगावजवळच्या आर्वीची.

आर्वीचं उपग्रह केंद्र 1970 च्या दशकाच्या सुरुवातीचं. आम्ही 1981 साली लंडनला आलो तेव्हा परदेशातून येणारे कितीतरी फोन उपग्रहावरून तिथं उतरायचे. गंमत अशी, की आमच्या आत्यांचं गाव तिथून हाकेच्या अंतरावर, पण गावात फोन नाही! आमचा आवाज त्यांच्या शिवाराशेजारी उतरून मुंबईला काकांकडे जायचा, आणि काकांचं पोस्टकार्ड चार दिवसांनी आत्यांना मिळायचं.

पुढे खोडदला गेलो. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानं उभी राहिलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण इथलीच. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या. त्यातल्या 14 मध्यभागी, बाकीच्या तीन दिशांना शेताशेतांतून विखुरलेल्या. एक तबकडी आकाशगंगांकडे कान लावून बसलेली, आणि तिच्या सावलीत बाया टोमॅटो खुडताहेत. आम्ही फोटो काढले. फोटोत बाया मुंगीएवढ्या आल्या.

आता आत्यांच्या गावात घरटी दोन-दोन मोबाईल आहेत. भाचा कांद्याचा भाव फोनवर बघतो. "भाव सगळ्यांनाच दिसतो," तो म्हणाला, "पण ज्याची कांदाचाळ आहे तो थांबतो. दुसरा काय करील? त्याच दिवशी विकतो." आम्ही लंडनमध्ये या विषयावर परिसंवाद ऐकले आहेत, पण इतकं थोडक्यात कुणी सांगितलं नव्हतं.

शेजारच्या मावशींबरोबर रेशन दुकानात गेलो. तिथल्या यंत्रावर अंगठा उमटला की धान्य. आयुष्यभर खुरपणी केलेल्या मावशींच्या अंगठ्यावर रेषा राहिल्यात कुठं? त्यांनी तो पदराला पुसला, ओला केला, पुन्हा टेकवला. मागची रांग चुळबुळायला लागली. पाचव्या खेपेला मधलं बोट चाललं! अर्थात दुकानातली वजनाची लबाडी यंत्रामुळे कमी झाली, हेही मावशींनीच सांगितलं. तेव्हा यंत्राला नुसत्या शिव्या घालून कसं चालेल?

परतताना चहा घेतला. टपरीवर चौकोनी छापील चित्र चिकटवलेलं. सगळे फोन दाखवून पैसे देत होते. आमच्या लंडनच्या कार्डाला तिथं कोण विचारतो! पाचशेची नोट पुढे केली, तर सुट्टे नाहीत. शेवटी मावशींच्या नातवानं खिशातून फोन काढला.

मावशी आमच्याकडे बघून खुदकन हसल्या. "तुमचंबी मशिन घेत न्हाई व्हय?"

नातवाचे चाळीस रुपये आम्ही अजून देणं लागतो.