द. सा. द. शे. पावणेदोन

नावं ठेवण्यात मराठी माणसाचा हात धरणारा अजून जन्माला यायचा आहे. माणसांना तर तो ठेवतोच, पण रोगांनाही त्याने काय एकेक नावं ठेवली आहेत! डांग्या खोकला, गालगुंड, नागीण. रोग होण्याआधी नावानेच माणूस आडवा व्हावा. पण एका खरोखरच भयंकर दुखण्याच्या वेळी मात्र तो एकाएकी कवी झाला. म्हणाला, 'अंगावरून वारं गेलं.' जसा काही रोगी चौपाटीवर भेळ खात उभा होता आणि समुद्रावरून जरा गार वाटलं!

या वाऱ्याची एक धाकटी बहीण आहे, झुळूक. डॉक्टर तिला टी. आय. ए. म्हणतात. आम्हा बँकवाल्यांना टी. ए. म्हणजे प्रवासभत्ता एवढंच ठाऊक. मध्ये एक 'आय' घुसला की प्रवास कुठल्या दिशेचा होतो, हे मला परवापरवापर्यंत माहीत नव्हतं. मेंदूच्या एखाद्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते, तेवढ्या भागाचं रक्त थांबतं, हात लुळा पडतो, तोंड वाकडं होतं, जीभ जड होते. मग गुठळी आपण होऊन विरघळते किंवा पुढे सरकते आणि दहा-पंधरा मिनिटांत गडी पुन्हा ठणठणीत. घरची मंडळी म्हणतात, 'पित्त झालं असेल.' आपल्याकडे ज्याचं निदान होत नाही त्याला पित्त म्हणतात, आणि ज्याचं होतं त्याला 'डॉक्टरला काय कळतंय' असं म्हणतात.

आमचे नानामामा म्हणजे निवृत्त शाळामास्तर. गणिताचे. वय वर्षं सत्तर. ए. टी. एम. वर त्यांचा विश्वास नाही, कारण त्याला उलट प्रश्न विचारता येत नाही. त्यामुळे दर महिन्याला पेन्शन काढायला ते माझ्याच काउंटरवर येतात आणि रांगेतल्या लोकांदेखत 'काय रे, आज वेळेवर आलास का?' असं विचारून माझी शान वाढवतात. 2024 च्या पावसाळ्यात असेच आले. स्लिप आत सरकवली. मी सही पाहिली आणि संगणकावरचा नमुना पाहिला. मामांची सही म्हणजे कित्त्यातून कापून चिकटवल्यासारखी. स्लिपवर मात्र मुंगी शाईत पडून चालत गेली होती.

"मामा, सही जुळत नाही."

"न जुळायला काय झालं?" असं त्यांना म्हणायचं असावं. बाहेर आलं ते निराळंच काहीतरी. तोंडाची उजवी बाजू जरा खाली आली होती आणि हातातलं पेन जमिनीवर पडलं होतं. मी काउंटर शेजारच्याच्या गळ्यात टाकून बाहेर धावलो. त्यांना खुर्चीत बसवलं, शिपायाला रिक्षा आणायला पिटाळलं. रिक्षा येईपर्यंत बारा मिनिटं गेली. तेवढ्यात मामांचं तोंड सरळ झालं, जीभ सुटली, आणि त्यांनी दुसरी स्लिप मागून घेऊन त्यावर सही केली. कित्त्यातली!

"जुळली ना आता? मग पैसे दे आणि मला घरी जाऊ दे."

पैसे दिले, पण घरी जाऊ दिलं नाही. कारण गंमत अशी आहे की झुळूक गेल्यानंतरचे पहिले दोन दिवसच सगळ्यांत धोक्याचे. खरं वारं येणार असेल तर त्याचा जोर तेव्हा अधिक असतो. आणि ते आलंच, तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत टोचावं लागतं. तेव्हा तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं बोबडं, यातलं एक दिसलं तरी, आणि दिसून गेलं तरी, आधी घड्याळ बघायचं आणि मग इस्पितळ गाठायचं. पित्ताचा विचार तिथल्या बाकावर बसून करता येतो.

इस्पितळात एम. आर. आय. झाला. मेंदूत एक बारीकसा ठिपका निघाला. डॉक्टरांनी समजावून सांगितलं. पूर्वी नियम असा होता, की लक्षणं चोवीस तासांच्या आत गेली तर ती टी. आय. ए., आणि राहिली तर स्ट्रोक. पण एम. आर. आय. आल्यापासून कळलं, की वरून सगळं जुळलं तरी आतल्या वहीत खाडाखोड राहिलेली असते. म्हणून 2009 साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी व्याख्या बदलली. घड्याळ बघू नका, मेंदूचा फोटो बघा. त्या हिशेबाने मामांचा हा छोटा का होईना, स्ट्रोकच.

"म्हणजे पास की नापास?" मामांनी विचारलं.

"काठावर पास," डॉक्टर म्हणाले.

मामांचं रक्तदाब 170 वर 100 निघालं. रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या एकवीस दिवस, मग त्यातली एकच. शिवाय रक्तदाबाची आणि कोलेस्टेरॉलची. मिठावर बंदोबस्त. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. मामांच्या नुसत्या कैरीच्या लोणच्यातच एवढं मीठ संपतं. पापड आणि लोणचं ताटातून हद्दपार झालं. मामींनी बरण्या माळ्यावर टाकल्या आणि शिडी शेजाऱ्यांकडे ठेवली.

वर्ष सरळ गेलं. 2025 च्या पावसाळ्यात मामींचा फोन आला. "अरे, तू जरा येऊन जा. यांच्या गोळ्यांचा स्टॉक जुळत नाहीये. महिना झाला तरी पाकीट तेवढंच!"

गेलो. मामा झोपाळ्यावर प्रसन्न बसले होते. म्हणाले, "हे बघ, आधी दोन गोळ्या होत्या, मग एक झाली. ही उतरती श्रेढी आहे. पुढचं पद शून्य. शिवाय वर्ष झालं. वर्ष झालं की लोक श्राद्धसुद्धा घालून मोकळे होतात."

या माणसाशी भावनेने बोलण्यात अर्थ नव्हता. सुदैवाने मी तयारीने गेलो होतो. मामींचा फोन येताच मी डॉक्टरांना गाठून विचारलं होतं, 'धोका किती, ते आकड्यात सांगा.' आकड्याशिवाय आम्हा बी. कॉम. लोकांना भीतीसुद्धा वाटत नाही. त्यांनी सांगितलं, की 2025 सालीच 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात 38 अभ्यासांची एकत्र बेरीज छापून आली आहे. टी. आय. ए. किंवा छोटा स्ट्रोक होऊन गेलेले 1,71,068 रुग्ण. त्यांतल्या शंभरांपैकी साधारण सहा जणांना पहिल्याच वर्षात स्ट्रोक येतो. त्यानंतर दर वर्षी पावणेदोनाच्या आसपास. आणि दहा वर्षांत मिळून वीस. पाचातला एक!

"मामा, द. सा. द. शे. पावणेदोन," मी म्हणालो.

हे शब्द कानी पडताच मामा झोपाळ्यावरून उठले. द. सा. द. शे. मला त्यांनीच शिकवलं होतं, तेही छडीच्या साहाय्याने. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, उलटं केलं आणि पेन्सिल कानावरून काढली.

"पहिल्या वर्षी सहा. पुढे नऊ वर्षं, पावणेदोन. नऊ पावणेदोन पावणेसोळा. अधिक सहा. पावणेबावीस! तुझे वीस कुठून आले? आकडा चुकलाय!" चूक सापडल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर मावत नव्हता. दोन्ही बाजूंनी सारखाच पसरला होता, हे मी पाहून घेतलं.

"मामा, व्याज मुद्दलावर नाही. घटत्या शिलकीवर. ज्यांना स्ट्रोक आला ते वजा करायचे, आणि उरलेल्यांवर पुढचे पावणेदोन."

मामांनी चष्मा पुसला. चौऱ्याण्णवपासून सुरुवात केली. एकाखाली एक नऊ ओळी. मामी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. नवव्या ओळीखाली मामांनी दोन रेघा मारल्या: 80.19.

"ऐंशी उरले," ते म्हणाले.

"वीस गेले," मी म्हणालो. "त्यातले सहा पहिल्या वर्षी. बाकीचे चौदा वर्ष संपल्यावर. श्राद्ध घातल्यावर."

मामा बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसले. कुणाचं गणित बरोबर आलं की ते पाठीवर थाप मारायचे. या वेळी त्यांनी मारली नाही. मग हळूच विचारलं, "गोळ्या घेतल्या की शून्य होतं?"

"शून्य नाही होत. पण दर खाली येतो. रक्तदाब खाली राहिला तर आणखी."

"हं," म्हणाले, आणि मामींकडे न बघता हात पुढे केला. मामींनी त्यावर गोळी ठेवली. दुसऱ्या हातात पाण्याचं भांडं दिलं. डोळ्यांना पदर लावून त्या म्हणाल्या, "फोडणी जळली वाटतं." गॅस तर बंद होता.

आता मामांनी गोळ्यांचा हजेरीपट काढला आहे. शाळेतल्यासारखाच, उभ्या-आडव्या रेघा मारून. रक्तदाबाची हजर, कोलेस्टेरॉलची हजर, रक्त पातळ करणारी हजर. रोज मामींची तपासणी आणि सही. ती सही मात्र रोज निराळी येते, पण तो त्यांचा स्वभाव आहे, लक्षण नव्हे. लोणच्याची एक फोड रविवारी मिळते, आणि तिची नोंद लाल शाईत होते.

परवा मामांनी एक शंका काढली. "तो अभ्यास दहा वर्षांपर्यंतचाच ना? अकराव्या वर्षी काय होतं?"

"ते माझ्याकडे लिहिलेलं नाही, मामा."

"हरकत नाही," मामा म्हणाले, "मी एक्क्याऐंशीचा झालो की त्यांना कळवीन. पोस्टकार्ड आणून ठेव."


आणून ठेवलं आहे.