गाणं शोधायला गेलेला माणूस

अमेरिकन कंट्री गायक टॉम टी. हॉलच्या १९७१ सालच्या अल्बमचं नावच मला खटकायचं : ‘इन सर्च ऑफ अ साँग’. हा गडी मूळचा केंटकीतल्या ऑलिव्ह हिलचा, पण तोवर नॅशव्हिलमध्ये नाव झालेला. ‘हार्पर व्हॅली पी.टी.ए.’ त्यानंच लिहिलेलं. आता निघाला गावाकडे, दिसेल त्याचं गाणं करायला!

त्यातल्या ‘ट्रिप टू हायडन’नं तर माझं मत पक्कंच झालं. ३० डिसेंबर १९७० रोजी केंटकीतल्याच हायडनजवळच्या कोळशाच्या खाणीत स्फोट झाला, ३८ कामगार गेले. खाणसुरक्षेच्या नव्या कायद्यावर निक्सन यांनी सही केल्याला त्या दिवशी बरोबर वर्ष झालं होतं. अशा ठिकाणी गायक जातो आणि येऊन रेकॉर्ड काढतो. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरात माइक घेऊन शिरणारे मी यवतमाळकडे पाहिलेत. बाईचा पदर डोळ्याला लागेस्तोवर कॅमेरा हलत नाही. हॉलला मी त्यांच्याच पंगतीत बसवलं होतं.

आता नाही बसवणार. एक तर तो रडत नाही, रडवत नाही. गातो कमी, सांगतो जास्त. चाल म्हणाल तर जेमतेम. आणि आपण ऐकून-वाचून बघायला आलेलो बाहेरचे, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. तिथली एक बाई म्हणते की, जिवंतपणी नव्हती तेवढी किंमत या माणसांना मेल्यावर आली. हॉल त्यावर स्वतःचं काही चिकटवत नाही. बाईनं सांगितलं ते पुरे आहे, म्हणतो आणि विषय सोडतो. मला आपल्याकडे आत्महत्येनंतर शेतकऱ्याच्या घरी येणारा एक लाखाचा धनादेश आठवला. पुढचं गाणं लगेच लावता आलं नाही.

‘केंटकी, फेब्रुवारी २७, १९७१’ हे त्याहून साधं. एका म्हाताऱ्याकडे हॉल गाणं मागायला जातो. म्हातारा शहराकडे ओढल्या जाणाऱ्या पोरांबद्दल बोलतो, आणि पाहुण्याला द्यायला आपल्याकडे गाणं नाही म्हणून तोच ओशाळतो. घरात दूध नाही, चहा कसा करू, म्हणावं तसा. शीर्षकात नुसतं ठिकाण आणि तारीख. शोधायला आलेला रिकाम्या हातानं परतला, हेही अल्बममध्ये ठेवायला धाडस लागतं.

रेकॉर्डवर नाव हॉलचं, हायडनच्या बाईचं नाही, ही खोच माझ्या मनात अजून आहे. कंट्रीच्या यादीत पहिल्या नंबरावर गेलं तेही ‘ट्रिप टू हायडन’ नव्हे, याच अल्बममधलं ‘द इयर दॅट क्लेटन डिलेनी डाइड’. चांगलं आहे तेही. जरा गोड आहे, एवढंच.